१९२० ऑलिम्पिक : चौगुल्यांच्या १९व्या क्रमांकाचं एवढं कौतुक का?

मीरा_प
१९२० सालच्या क्रीडाजगताबद्दल वाचतेय. अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले, २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत १९वे आले. हल्ली हौशी मंडळीही २:५०च्या आत येतात. मग एवढा गाजावाजा कशासाठी? आणि 'भारताचा पहिला संघ' म्हणतात, तर १९००ला भारताकडून धावलेला प्रिचर्ड कुठे गेला?

डांबरी_पाय
मीराताई, आधी अंतर बघा, मग घड्याळ. त्या वेळी मॅरेथॉनचं अंतर ठरलेलंच नव्हतं. १९०८ला लंडनमध्ये ४२.१९५ किमी, १९१२ला स्टॉकहोममध्ये ४०.२, आणि अँटवर्पला चक्क ४२.७५! ऑलिम्पिकमध्ये त्याहून लांब मॅरेथॉन झालेली नाही. ४२.१९५ हा आकडा पक्का झाला तो १९२१मध्ये.

मी आयुष्यभर रस्त्यावर धावलो, त्यामुळे हिशोब केल्याशिवाय राहवत नाही. चौगुल्यांचा वेग पडतो किलोमीटरला जेमतेम चार मिनिटं. त्याच वेगाने आजचं अंतर धरलं तर २:४८:३०च्या आसपास. शर्यत जिंकणारा फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन १९१२ची तीन सुवर्णं खिशात घालून आलेला, त्याला २:३२:३५ लागले. म्हणजे आपला गडी त्याच्यापेक्षा किलोमीटरमागे पंचवीसेक सेकंदांनी मागे. दुसरा आलेला एस्टोनियाचा लोसमान मात्र कोलेहमाइनेनच्या अवघ्या तेरा सेकंद मागे होता. एवढ्या लांब धावून तेरा सेकंद! मला चौगुल्यांइतकीच त्याचीही हळहळ वाटते.

हौशी लोकांचं म्हणाल तर त्यांच्याकडे आज बूट आहेत, धावताना ताकदीसाठी चोखायची एनर्जी जेल आहेत, मनगटावर घड्याळ आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत दोराबजी टाटांनी जी पोरं पाहिली, ती शेतकरी घरांतली आणि अनवाणी धावणारी होती. त्यांच्या वेळा बघून टाटांच्या मनात ऑलिम्पिकचा विचार आला. आणि संयोजकांची तयारी काय? शंभर यार्डांना ऑलिम्पिकमध्ये किती वेळ लागत असेल, असं टाटांनी विचारलं, तर समितीतले एक गृहस्थ म्हणाले, एक ते दोन मिनिटं! हे टाटांनी स्वतःच पुढे एका पत्रात लिहून ठेवलंय. अशा तयारीवर पाठवलेला माणूस १९वा येतो. कौतुक त्याचं आहे.

प्रिचर्डने १९००ला पॅरिसमध्ये २०० मीटर आणि २०० मीटर हर्डल्स अशी दोन रौप्यं मिळवली खरी, पण तो एकटा होता. निवड करून, पैसे उभे करून संघ गेला तो १९२०लाच.

लालमाती
चौगुल्यांबरोबर दातारही मॅरेथॉनला होते, त्यांना शर्यत पुरी करता आली नाही. पण सगळे धावण्यावरच का बोलताय? कुस्तीला नवले आणि रणधीर शिंदे गेले होते. शिंदे फेदरवेट गटात चौथे! खाशाबांच्या १९५२च्या कांस्याआधी बत्तीस वर्षं. मातीवर घडलेला मल्ल परक्या देशात गादीवर उतरतो आणि पदकाच्या एक पायरी खाली थांबतो, हे पोरांना कुणी सांगत नाही.

मीरा_प
बापरे, शिंद्यांचं माहीतच नव्हतं. पण त्या वर्षी जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरीला बोलावलंच नव्हतं ना? मग कुस्तीतला चौथा क्रमांक थोडा स्वस्तात पडला असं नाही का?

लालमाती
हंगेरीचे मल्ल तगडे, मान्य. पण महायुद्धात हरलेल्यांना बाहेर ठेवायचा निर्णय शिंद्यांनी घेतला नव्हता. शिवाय त्या गटात सुवर्ण आणि रौप्य दोन्ही अमेरिकनांनी नेलं, कांस्य ब्रिटनने. फ्रीस्टाइलमध्ये अमेरिकेचा माणूस समोर असणं म्हणजे स्वस्त काम नव्हे, ताई.

डांबरी_पाय
आणि मॅरेथॉनपुरतं म्हणाल तर कोलेहमाइनेन आला होता की. अजून कोण हवं होतं?