अनुभव धागा: सुपरनॅचरलमधला तो मंगळवार

'सुपरनॅचरल' ही अमेरिकन मालिका 2005 ते 2020 चालली. पंधरा सीझन, 327 भाग. सॅम आणि डीन विंचेस्टर हे दोघे भाऊ 1967 च्या काळ्या शेव्हरोले इम्पालातून गावोगाव फिरतात आणि भुतं, पिशाच्चं, सैतान यांचा बंदोबस्त करतात. मीठ, लोखंड, लॅटिन मंत्र आणि वडिलांची डायरी ही त्यांची शिदोरी. आपल्याकडे ही मालिका जिवापाड आवडणारे खूप जण आहेत, पण मराठीत तिच्यावर कुणी फारसं लिहिलेलं दिसत नाही. म्हणून हे आमंत्रण.

सगळ्या मालिकेवर बोलायचं तर शेवटच लागणार नाही. तेव्हा एकच भाग घेऊ: तिसऱ्या सीझनचा अकरावा, 'मिस्टरी स्पॉट'. तो पहिल्यांदा दाखवला गेला 14 फेब्रुवारी 2008 रोजी. लेखक जेरेमी कार्व्हर, दिग्दर्शक किम मॅनर्स.

विसरला असाल तर थोडक्यात सांगते. सॅमला वाचवण्यासाठी डीनने स्वतःचा आत्मा गहाण टाकलाय, त्या सौद्यात मिळालेलं एक वर्ष सरत चाललंय. फ्लोरिडातल्या एका गावात 'मिस्टरी स्पॉट' नावाची, निसर्गाचे नियम तिथे चालत नाहीत म्हणून लोकांना दाखवली जाणारी जागा आहे. तिथे मंगळवारी सकाळी रेडिओवर एशिया बँडचं 'हीट ऑफ द मोमेंट' लागतं आणि सॅम उठतो. रात्री डीन मरतो. सॅम पुन्हा उठतो, पुन्हा मंगळवार, पुन्हा तेच गाणं. कधी गाडीखाली, कधी अंगावर टेबल पडून, कधी घशात सॉसेज अडकून डीन रोज मरतो. हा सगळा खेळ ट्रिकस्टरचा, म्हणजे माणसांना खोड्या काढून धडे देणाऱ्या एका मायावी शक्तीचा असतो. सॅम त्याला पकडतो आणि एकदाचा बुधवार उजाडतो. पण बुधवारी डीन पुन्हा मरतो, आणि या वेळी दिवस उलटत नाही. पुढे काही महिने सॅम एकटा.

हा भाग तुम्ही कधी, कुणाबरोबर पाहिलात? तो तुमच्यापाशी का राहिला? मोकळेपणाने लिहा. शेवटच्या सीझनपर्यंतचं सगळं यात येणार आहे, नव्याने बघणाऱ्यांनी जपून वाचा.

पुणे

दादा सांगलीला इंजिनिअरिंगला होता. सुट्टीत येताना हार्डडिस्क भरून मालिका आणायचा, त्यात ही. आम्ही दोघं आतल्या खोलीत दार लोटून बघायचो. 'मिस्टरी स्पॉट'ला आम्ही इतके हसलो की आई बघायला आली. सॅम आणि डीन समोरासमोर बसून एकाच वेळी तीच वाक्यं बोलतात, आठवतंय? डीन काय म्हणणार ते सॅमला शब्दन् शब्द पाठ झालेलं असतं. दादाने त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी तो खेळ केला. मी तोंड उघडलं की माझंच वाक्य माझ्याबरोबर म्हणायचा.

दादा हायवेवरच्या अपघातात गेला. त्यानंतर बऱ्याच काळाने मी हा भाग एकटीने पुन्हा पाहिला. हसण्याचा अर्धा भाग कसा गेला कळलंच नाही. मी बघत राहिले तो बुधवारनंतरचा सॅम. तो रडत नाही. पलंगाची चादर कोपरे दुमडून नीट घालतो, गाडीच्या डिकीतली हत्यारं ओळीने लावतो, स्वतःची जखम स्वतःच शिवतो, एकटा बसून जेवतो. सगळं कसं व्यवस्थित. आणि फोनवर बॉबीचे, या भावांना वडिलांसारख्या असलेल्या शिकाऱ्याचे, निरोप साठत राहतात, तो उलट फोन करत नाही.

दादा गेल्यावर मी तशीच होते. मृत्यूचा दाखला, विम्याचे कागद, बँकेच्या फेऱ्या, आईच्या गोळ्या, बाबांची पथ्यं, सगळं मी केलं, एकदाही न चुकता. भेटायला येणारे म्हणायचे, पोरगी फार धीराची आहे. मला त्या शब्दाचा राग यायचा, पण का येतो ते सांगता येत नव्हतं. ते मला त्या चादरीच्या दुमडलेल्या कोपऱ्यात दिसलं. माणूस सावरला म्हणून इतका नीटनेटका होत नाही. हातातलं काम थांबलं तर काय होईल, या भीतीने होतो. जॅरेड पॅडलेकीने तो सॅम जवळजवळ न बोलता उभा केलाय, आणि तेवढ्या दोन-चार मिनिटांसाठी मी त्याची कायमची ऋणी आहे. टीव्हीवर दुःख म्हटलं की आक्रोश दाखवतात. हे कुणी दाखवत नाही.

मामा मला रोज फोन करायचा. त्या रात्री मी त्याला आपणहून फोन केला. आम्ही दादाबद्दल बोललो, पहिल्यांदा.

गोरेगाव, मुंबई

मी मालिकांचं एडिटिंग करतो. आमच्याकडे नवीन मुलं शिकायला आली की त्यांना मी हा भाग बघायला लावतो.

पहिला मंगळवार पूर्ण आहे. डायनरमधली न्याहारी, वेट्रेसच्या हातून निसटणारी सॉसची बाटली, रस्त्यावरचा भुंकणारा कुत्रा, वाटेत भेटणारी माणसं. तेव्हा हे सगळं रंग भरण्यासाठी आहे असं वाटतं. दुसऱ्या मंगळवारी तेच सगळं परत येतं आणि आपण सॅमबरोबर दचकतो. मग एकेक मंगळवार आखूड होत जातो. बाटली पडायच्या आत सॅम ती झेलतो. नंतर नुसता गजर, गाण्याची ओळ आणि मरण. टॅकोची चव विचित्र लागतेय का, असं डीन विचारतो आणि तिथेच कट, पुन्हा गाणं. मरण दाखवायची गरजच उरत नाही, कारण तोवर प्रेक्षकाला कटची सवय लागलेली असते. गाणं म्हणजे डीन जिवंत, हे आपल्या कानात पक्कं बसतं.

आणि मग बुधवारी पार्किंगमध्ये डीनला गोळी लागते. सॅम त्याला कवटाळून बसतो. आपण कटची वाट बघतो, सॅमही तीच वाट बघतोय. आता मला जाग यायला हवी होती, असं तो म्हणतो. कट येत नाही. शॉट तसाच राहतो. इतका वेळ आम्हाला हसवत जी सवय लावली, तिच्याच जोरावर तिथे घाव घातलाय. याहून शुद्ध एडिटिंग मी फार कमी पाहिलंय.

किम मॅनर्स आधी 'एक्स फाइल्स'मध्ये होते. या भागानंतर वर्षभरात, जानेवारी 2009 मध्ये ते गेले. तिसरा सीझन लेखकांच्या संपामुळे 22 ऐवजी 16 भागांचाच झाला होता. एवढ्या ओढाताणीत हे काम झालंय.

सिंधुदुर्ग

आमच्याकडे चकवा लागतो म्हणतात. रात्री माणूस ओळखीच्या वाटेने निघतो आणि फिरून फिरून त्याच वडाखाली येतो. माझे आजोबा बाजारातून येताना एका रात्री असे अडकले होते, आमच्या घराच्या हाकेच्या अंतरावर. आजी सांगायची, "चकवो लागलो तर चलाचा नाय, खंयतरी बसान रवाचा." पहाट झाली की वाट आपोआप दिसते.

'मिस्टरी स्पॉट' बघताना मला आजीच डोळ्यांपुढे आली. हा काळाचा चकवा आहे. आणि सॅम करतो काय, तर आणखी जोरात पळतो. मिस्टरी स्पॉटच्या मालकाला बांधून ठेवतो, कुऱ्हाड घेऊन भिंती फोडतो. त्याला वाट सापडते ती फक्त एकदा शांत बसून बघितल्यावर. डायनरमध्ये रोज एक माणूस मेपल सिरप घेऊन बसलेला असतो, एके दिवशी त्याच्यापुढे स्ट्रॉबेरीचं सिरप असतं. एवढाच फरक. सगळं जग तेच असताना जो बदलतो तो या खेळाच्या बाहेरचा, म्हणजे खेळवणारा.

मला या मालिकेत हेच भावतं. भुतं अमेरिकेतली, पण ती पकडायची रीत आमच्या गावातल्या जाणत्या माणसांसारखी. आधी गावात विचारपूस, मग जुनी हकिगत शोधायची, मग उपाय.

फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया

मिस्टरी स्पॉट नावाची जागा खरोखर आहे, फक्त फ्लोरिडात नाही. आमच्याकडे सांताक्रूझजवळ रेडवुडच्या जंगलात, 1940 च्या सुमारापासून लोक तिथे तिकीट काढून जातात. इथल्या गाड्यांवर तिचं पिवळं स्टिकर हमखास दिसतं.

माझा मुलगा मालिकेचा भक्त, म्हणून गेलो. डोंगराच्या उतारावर एक तिरकं लाकडी खोपट आहे. आत शिरलं की माणसं वाकडी उभी दिसतात, फळीवर ठेवलेला चेंडू चढावर गेल्यासारखा दिसतो. बर्कलेच्या मानसशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये यावर शोधनिबंध लिहिलाय. क्षितिज दिसेनासं झालं आणि भोवतालची खोली कललेली असली की मेंदू त्या खोलीलाच सरळ मानतो, आणि मग खरोखर सरळ असलेलं सगळं वाकडं दिसतं. हे माहीत असूनही पोटात ढवळतं.

त्या खोपटात उभं राहून मला सॅमची कुऱ्हाड आठवली. तो ती जागा फोडून काढतो आणि तिथे काहीच सापडत नाही, कारण जागेत काही नसतंच. गोष्ट सगळी डीनभोवती कललेली आहे आणि सॅमला तेच सरळ वाटतंय. लेखकाला ही जागा का सुचली असेल, ते तिथे उभं राहिल्यावर मला पटलं.

नागपूर

मी आणि माझा जुळा भाऊ. डीन दात घासत असतो आणि सॅम येऊन त्याला घट्ट मिठी मारतो, डीनला काहीच पत्ता नसतो. "किती मंगळवार झाले रे?" "पुरेसे." बस, त्या एका शब्दासाठी मी हा भाग बघतो. आमच्या घरात कुणी कुणाला मिठी मारत नाही. जेवलास का, एवढंच विचारतात, पण ते रोज विचारतात.

नाशिक

मला हा भाग आवडतो, पण एक गोष्ट मनापासून खटकते आणि ती इथे मांडलीच पाहिजे. ट्रिकस्टर म्हणतो, डीन तुझा कच्चा दुवा आहे, तो जाणार, त्याला जाऊ द्यायला शीक. ज्याचा जीव तुटतोय त्याला असा धडा द्यायचा? वरून चुटकी वाजवून सगळं पुसून टाकायचं. माझ्या धाकट्या बहिणीचं डायलिसिस चालू असताना शहाणपण शिकवणारे खूप भेटले. शिकवणाऱ्याचं स्वतःचं काहीच पणाला लागलेलं नसतं, ही त्यातली खरी चीड. तिला किडनी मिळाली, ती आज बरी आहे. "मनाची तयारी ठेवा" हे तेव्हा ज्यांनी ऐकवलं, त्यांचं मी आजही ऐकणार नाही.

आणि या मालिकेत बायकांच्या वाट्याला काय येतं? पहिल्याच भागात आई जळते, मग सॅमची मैत्रीण जेसिका, पुढे शिकारी मायलेकी एलन आणि जो. पुरुषांच्या दुःखाला सरपण म्हणून बाया मरतात. मालिकेवर प्रेम आहे म्हणूनच हे बोलते.

ठाणे

वरचं वाचून राहवलं नाही. धडा क्रूर आहे हे खरंच. पण तो मालिकेने किती दूरवर नेला ते बघा. तिसऱ्या सीझनच्या शेवटी नरकाचे कुत्रे डीनला ओढून नेतात आणि सॅमला काही करता येत नाही. पुढे बारा सीझन दोघे एकमेकांना परत आणण्यासाठी वाटेल ते सौदे करत राहतात आणि प्रत्येक सौद्याची किंमत जगाला मोजावी लागते. ट्रिकस्टरचं कुणीच ऐकत नाही.

आणि मग 19 नोव्हेंबर 2020 चा शेवटचा भाग. एका कोठारात पिशाच्चांशी झगडताना डीनच्या पाठीत सळई घुसते. सॅम मदतीला धावायला निघतो, डीन त्याला थांबवतो. तू ठीक राहशील, जायला हरकत नाही, एवढं मला सांग, अशी विनवणी मोठा भाऊ धाकट्याला करतो. आणि सॅम म्हणतो, तू जाऊ शकतोस. अनेकांना तो शेवट अजिबात आवडला नाही, इतका मोठा योद्धा आणि मरण असं साधं, म्हणून. मला त्या क्षणी 'मिस्टरी स्पॉट'चं पार्किंग दिसलं. तसाच भाऊ मिठीत, पण या वेळी जाग येण्याची वाट सॅम बघत नाही. माझे वडील त्याच वर्षी कोविडने गेले आणि आम्हाला त्यांच्याजवळ जाता आलं नव्हतं. जा म्हणायला मिळणं हे केवढं मोठं भाग्य आहे, ते त्या वर्षी ज्यांना मिळालं नाही त्यांना विचारा. जेन्सन अ‍ॅकल्स आणि जॅरेड पॅडलेकी यांनी तो प्रसंगही कोविडमुळे थांबलेलं चित्रीकरण पुन्हा सुरू झाल्यावरच केलाय.

व्हँकुव्हर

फ्लोरिडा म्हणून तुम्ही जे बघता ते आमचं ब्रिटिश कोलंबिया आहे. पायलट, म्हणजे अगदी पहिला भाग, लॉस एंजेलिसकडे झाला, नंतर सगळी मालिका इथे. कॅन्सस असो की नेब्रास्का, मागे तीच ओली काळपट झाडं आणि तोच करडा उजेड. कोक्विटलमचं बंद पडलेलं रिव्हरव्ह्यू मनोरुग्णालय पाहिलं की पहिल्या सीझनचा 'असायलम' आठवून आजही पाऊल अडखळतं. घरापासून इतक्या दूर, हिवाळ्यातल्या अंधारात, या दोन भावांनी मला फार सोबत केली.

मस्कत

धाकटा भाऊ कोल्हापुरात, मी इथे. शुक्रवारी माझी सुट्टी, त्याचंही काम घरूनच असतं. दोघं एकाच वेळी भाग लावतो आणि फोन चालू ठेवतो. सध्या पाचवा सीझन. पुढच्या शुक्रवारी 'चेंजिंग चॅनल्स' आहे, त्यात याच ट्रिकस्टरचं खरं रूप कळतं. तो देवदूत गॅब्रिएल असतो, स्वतःच्याच भावांच्या भांडणाला कंटाळून घर सोडलेला. हे समजल्यावर 'मिस्टरी स्पॉट' पुन्हा लावा. भावाला जाऊ दे असं सॅमला सांगताना ट्रिकस्टर झालेल्या रिचर्ड स्पाइटच्या चेहऱ्याकडे बघा. नाशिकच्या ताई, शिकवणाऱ्याचं काही पणाला लागलेलं नसतं असं तुम्ही लिहिलंत, त्यावर मला हेच सांगायचं होतं. मधले भाग मात्र गाळू नका. चौथ्याचा पहिला, 'लॅझरस रायझिंग', तर नक्कीच बघा, त्याशिवाय देवदूतांचं काही कळणार नाही.