मराठी टाइप करताना एंटर मारला की पॉपअपच बंद होतो

रात्रपाळी:
लोकहो जरा मदत करा. सोसायटीच्या मेंटेनन्सचं छोटंसं वेब ॲप आहे, सभासदाचं नाव टाकायला पॉपअप उघडतो, कीडाऊनमध्ये (कळ दाबली की ब्राउझर देतो तो इव्हेंट) एंटर दिसला की सेव्ह आणि क्लोज, बस एवढंच केलंय. इंग्रजीत एकदम मस्त चालतं. पण विंडोजच्या मराठी फोनेटिक कीबोर्डने "वैशाली देशपांडे" लिहायला घेतलं आणि पहिल्या शब्दाचं सजेशन एंटरने निवडलं की यादीत नुसती "वैशाली" जाऊन बसते नि पॉपअप गायब. सेक्रेटरी काका वैतागलेत.

कोडकरी:
अरे तो एंटर तुझ्यासाठी नाहीच, कीबोर्डसाठी आहे. शब्द जुळवणं चालू असतानाही कीडाऊन येतोच. हँडलरच्या (इव्हेंट आला की चालणारा कोड) पहिल्या ओळीत इव्हेंटचं इझकंपोझिंग (शब्द जुळवणं चालू आहे का ते सांगणारी खूण) ट्रू असेल तर सरळ रिटर्न कर. सफारीत मात्र कंपोझिशनएंड (जुळवणं संपल्याचा इव्हेंट) आधी येतो आणि कीडाऊन नंतर, त्यामुळे तिथे ते फॉल्स दिसतं, म्हणून कीकोड (कळीचा नंबर) 229, म्हणजे कळ कीबोर्डच्या जुळवणीत गेलीय, असा आहे का तेही बघ. कीकोड डेप्रिकेटेड (जुना, वापरू नका म्हणतात असा) आहे म्हणून कोणी नाक मुरडलं तर मुरडू दे.

सायली_फ्रंटएंड:
मुळात कीडाऊनवर सेव्ह कशाला करायचं? फॉर्म टॅग घाला, सबमिटवर सेव्ह करा. आणि पॉपअप डिव्हचा (साधा डबा टॅग) असेल तर डायलॉग टॅग वापरा, 2022 पासून फायरफॉक्स, सफारीतही आहे. शोमोडल फंक्शनने उघडला की एस्केपने बंद होणं, मागचं पान क्लिक न होणं हे फुकटात मिळतं. फॉर्मची मेथड डायलॉग ठेवली की सबमिटला आपोआप बंद होतो, दाबलेल्या बटणाची व्हॅल्यू डायलॉगच्या रिटर्नव्हॅल्यूत येते. फक्त रद्द करायचं बटण सबमिट टाइपचं असेल तर त्याला फॉर्मनोव्हॅलिडेट (फॉर्म न तपासता सबमिट) लावा, नाहीतर नाव सक्तीचं असेल तर ते भरल्याशिवाय रद्दही करू देत नाही, फार चीड येते 😅

रात्रपाळी:
इझकंपोझिंगने झालं काम, थँक्यू! डायलॉग पुढच्या वेळी. पण आता अजून एक, नाव खोडायला माउसने ओढत सिलेक्ट केलं आणि बटण पॉपअपच्या बाहेर सोडलं तरी बंद होतो??

कोडकरी:
हो, दाबलं आत आणि सोडलं बाहेर, की क्लिक दोघांच्या सामाईक पॅरेंटवर येतो, म्हणजे तुझ्या मागच्या काळ्या पडद्यावर. माउसडाऊन (माउसचं बटण दाबल्याचा इव्हेंट) कुठे झाला ते व्हेरिएबलमध्ये ठेव, तोही पडद्यावरच झाला असेल तरच बंद कर. मी तर म्हणतो इनपुटमध्ये काही लिहिलेलं असेल तर बाहेरच्या क्लिकने बंद करूच नको, काकांचा फोन परत येईल.