प्रेसनोट हंगामाच्या आधी पाठवा, आणि दुकानाची वही सोबत ठेवा

"सीझन तापला की प्रेसनोट सोडा" असा सल्ला स्थानिक दुकानदारांना दिला जातो; मला तो पटत नाही. नागपुरात नवतपा (सर्वात कडक उन्हाचे नऊ दिवस) लागतो 25 मेच्या आसपास, पण कूलर माळ्यावरून उतरतात होळीच्या आगेमागे. पारा 45 च्या वर गेल्यावर वार्ताहर उष्माघात आणि पाणीटंचाईत अडकलेला असतो, तेव्हा तुमचं नवीन मॉडेल कोण छापणार? एका स्थानिक कूलरवाल्यासाठी आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी नोट दिली. मॉडेल, किंमत, मालकाचा फोटो. कुणी विचारलंही नाही. मग त्याच्या दुकानातली दुरुस्तीची वही उघडली आणि आठवड्याच्या नोंदी मोजून पाठवल्या: कूलरच्या वाळ्याच्या ताट्या किती गेल्या, हनीकोम्ब (जाळीदार पॅड) किती, पंप किती बदलले. ग्रीसच्या बोटांचे ठसे असलेली ती वही बघायला वार्ताहर स्वतः आली, पानाचा फोटो घेतला. बातमी लोकांच्या पसंतीवर झाली, दुकानाचं नाव तिसऱ्या परिच्छेदात. तरी चौकशीचे फोन त्यावरूनच आले.

संत्र्याचे पदार्थ विकणाऱ्यांनी तर शहराचं कॅलेंडर बघायलाच हवं. आंबिया बहाराचा (हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्याचा) माल ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून बाजारात येतो, पण डिसेंबरात नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं (विदर्भ महाराष्ट्रात यावा म्हणून झालेल्या 1953 च्या नागपूर कराराची देणगी) आणि स्थानिक पानं मोर्चे-आंदोलनांनी भरून जातात. त्या दिवसांत संत्रा बर्फीची नोट पाठवू नका. मृग बहाराचा (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याचा) माल फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, तेव्हा पानावर जागाही असते आणि फळही ताजं असतं.