पेन्शन आल्यावर रेग्युलर बीए : मदत हवी आहे

जय हिंद मंडळी. मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून यंदा पेन्शन आलोय, गाव सातारा जिल्ह्यात. बारावीनंतर लगेच भरती झालो, कॉलेज राहूनच गेलं.

पंधरा वर्षं सर्व्हिस झाली की पदवी समकक्ष सर्टिफिकेट मिळतं, ते माझ्याकडे आहे. पण ते क गटाच्या नोकरीला चालतं. मला इतिहासात एमए करायचंय, म्हणजे आधी बीए आलंच. घरचे म्हणतात, नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून कर, घरबसल्या होईल. खरं सांगायचं तर मला वर्गात बसून शिकायचंय. पोरं 'काका' म्हणतील, म्हणू देत.

कॉलेजात चौकशीला गेलो तर क्लार्क डिस्चार्ज बुक उलटसुलट करून बघत बसला. म्हणे इतक्या वर्षांचं गॅप सर्टिफिकेट आणा. अहो, गॅप कसला, सियाचीनला होतो!

कुणी असा प्रवेश घेतलाय का? गॅपचं प्रतिज्ञापत्र पुरतं, की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं पत्रही जोडावं लागतं? माजी सैनिकाला स्वतःला फी सवलत मिळते की फक्त पाल्यांना? आणि सकाळी सिक्युरिटीची ड्युटी धरली तर पंचाहत्तर टक्के हजेरी कशी जमवलीत?