रेगेन्सबुर्गहून जॉब ऑफर आलीय, गाव कसं आहे?

हिंजवडी_टेस्टर
नमस्कार मंडळी, मी एम्बेडेड टेस्टिंगमध्ये आहे (यंत्रांच्या आत बसवलेलं सॉफ्टवेअर तपासणं), सात वर्षं हिंजवडीत काढली आणि आता जर्मनीतून ऑफर आलीय, म्युनिक नाही, बर्लिन नाही, रेगेन्सबुर्ग! नाव नीट घ्यायलाच दोन दिवस गेले. गुगल केलं तर जिकडेतिकडे तोच दगडी पूल आणि चर्चचे दोन मनोरे, आणि कंपनीवाले दाखवतात चिप, बॅटरी, रोबोट. दोन्ही फोटो एकाच गावचे वाटतच नाहीत. आई म्हणते नोकरीला चाललीस का तीर्थयात्रेला. नवरा आणि चार वर्षांची मुलगी बरोबर येणार. उद्या हा जॉब गेला तर तिथेच दुसरा मिळेल का लगेच बाडबिस्तरा गुंडाळायचा? आणि आम्ही शाकाहारी, हे आधीच सांगून ठेवते.

डोनाउकाठचा
अभिनंदन! सहा वर्षं झाली इथे, त्यामुळे जरा पाल्हाळ लावतो, चालवून घ्या. फोटो दोन्ही खरे आहेत, फॅक्टऱ्या गावाच्या कडेला आणि जुनं गाव मधे नदीला चिकटून. (डॅन्यूबला इथे डोनाउ म्हणतात, हे पहिल्याच दिवशी शिकून घ्या.)

गंमत अशी की जुनं गाव कोणी जपलं म्हणून टिकलं नाही, गावाचं दिवाळं वाजलं म्हणून टिकलं. पूल ११३५ ते ११४६ मधे बांधला, त्यावर व्यापारी इतके गब्बर झाले की इटलीतल्यासारखे बुरूज घरावर चढवायचे, शत्रूसाठी नाही हो, शेजाऱ्याला दाखवायला. मग धंदा न्यूरेंबर्ग आणि ऑग्सबर्गकडे सरकला आणि इथल्यांकडे जुनं पाडून नवं बांधायला पैसाच उरला नाही. एकोणिसाव्या शतकात बाकी जर्मनीत धुराडी उभी राहिली तेव्हाही हे मागेच. १७ ऑगस्ट १९४३ ला अमेरिकन विमानं आली ती गावाबाहेरच्या मेसरश्मिट विमान कारखान्यावर, जुनी वस्ती बरीचशी वाचली. २००६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे.

इंडस्ट्री म्हणजे अगदी कालपरवाची. सीमेन्स १९५९ ला आली, तीच चिपची लाईन आज इन्फिनियॉनकडे. बीएमडब्ल्यूचा प्लांट १९८६ पासून, एक्सवन आणि एक्सटू तिथे बनतात, दिवसाला हजाराच्या वर गाड्या. ओस्रामचं एलईडीचं काम आहे, काँटिनेंटलमधून निघालेली व्हिटेस्को २०२४ मधे शेफलरमधे विलीन झाली. म्हणजे तुमच्या लाईनचे दरवाजे चार-पाच तरी आहेत. पण खोटं कशाला सांगू, बरेचसे गाडीच्याच धंद्याला बांधलेले, आपल्या चाकणसारखंच, मोठ्या कंपनीने हात आखडला की छोट्या आपोआप गप्प. प्रोबेशनचे सहा महिने काढा, मगच सोफा घ्या.

रविवारी_बंद
वरच्या दादांना इतिहासाची आवड आहे हे कळलं 😄 आता दुसरी बाजू. लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास, म्हणजे पुण्यातला एखादा उपनगराचा तुकडा. रविवारी सगळं बंद, दूध संपलं तर संपलं. ट्राम नाही, २०२४ मधे लोकांना विचारलं होतं, त्यांनी मत देऊन नको म्हणून सांगितलं, आता बसा बसमधे. नोव्हेंबरमधे नदीवरून धुकं येतं ते आठवडा आठवडा हलत नाही, सकाळी पुलावर उभं राहिलं तर समोरचं कॅथेड्रल गायब. मी एका सप्लायरकडे होतो, टीममधे सगळे इंग्लिश बोलायचे पण जेवायला बसले की बायरिश (इथली बव्हेरियन बोली) सुरू, आणि तो क्लासमधला जर्मन नव्हे, मला वर्षभर वाटायचं हे लोक भांडतायत. दोन वर्षांत म्युनिकला पळालो.

डोनाउकाठचा
म्युनिकला पळालात आणि भाडं बघून रडलात, तेही लिहा की 😛

बाकी धुक्याचं खरं आहे. पण जूनमधे संध्याकाळी पुलाखालच्या यानइन्सेल बेटावर अख्खं विद्यापीठ येऊन बसलेलं असतं, पाय पाण्यात, हातात बिअर. पुलाच्या खांबांमुळे तिथे पाण्याला भोवरे पडतात, पोहायला उतरू नका. पुलावरून गाड्याही जात नाहीत, आधी मोटारी बंद केल्या मग बससुद्धा, आता फक्त चालणारे आणि सायकलवाले.

आणि जुन्या टाऊन हॉलमधे एकदा जाच, १६६३ ते १८०६ जर्मन साम्राज्याची संसद तिथेच भरायची, ती सुरू झाली ती उठलीच नाही. गाईड सांगतो की नकोशी कागदपत्रं लांबलचक बाकावर पुढे पुढे सरकवत ठेवायचे, त्यावरून जर्मनमधे चालढकलीला तसाच वाक्प्रचार आला म्हणे. खरंखोटं तो गाईड जाणे, मला आपलं तहसील कार्यालय आठवलं. ग्रहांच्या गतीचे नियम मांडणारा केपलर १६३० मधे इथेच वारला, थकलेले पैसे मागायला आला होता बिचारा. लढाईत कबरसुद्धा राहिली नाही.

दोन_मुलांची_आई
अगं टेस्टर, या दोघांचं चालू दे, तू घराचं बघ. जॉबपेक्षा घर अवघड आहे. विद्यार्थी भरपूर, कंपन्यांचे नवे लोक भरपूर, आणि जुन्या गावात कोणी नव्या इमारती बांधू देत नाही. आम्हाला चार महिने लागले, एका घरमालकाने तर फोडणीचा वास येतो का असं तोंडावर विचारलं. आम्ही शेवटी गावाबाहेर घेतलं आणि बरंच झालं, जुन्या गावात फरसबंदीवर बाबागाडी ढकलून बघ, मूल आणि आई दोघांचे दात वाजतात.

नदीजवळ घर मिळालं तर पुराचं विचारून घे. पुलाशेजारी सॉसेजचं एक अतिजुनं दुकान आहे, वुर्स्टकुखल, त्याच्या भिंतीवर कुठल्या साली पाणी कुठवर आलं त्याच्या खुणा आहेत. आमच्या सासूबाईंनी तिथे शेजारी उभं राहून फोटो काढला, २०१३ ची खूण बघून म्हणाल्या, इथे राहणारे शहाणे की वेडे.

शाकाहारीचं टेन्शन घेऊ नकोस. ब्रेत्सन (गाठीसारखा वळलेला खारट पाव) आहे, चीज घातलेलं श्पेत्सल (मऊ जाडसर शेवया) आहे, आणि डाम्फनुडल म्हणजे वाफवलेला गोड पाव व्हॅनिला सॉसमधे, मुलीला तो एकदा दिलास की पोळी मागणार नाही. डाळ-तांदूळ मिळतो, कढीपत्ता मात्र नेहमी नाही, बॅगेत सुकवून आण.

आणि हो, बरीच घरं किचनशिवाय देतात. भाडं ठरवताना विचार.

हिंजवडी_टेस्टर
सगळ्यांना खूप खूप थँक्यू, उद्या एचआरला घराचं विचारते. आईला धुकं आणि पूर दोन्ही सांगितलं नाही, केपलरचं सांगितलं तर म्हणाली बघ, तिथेही पगार थकवतात.

पण किचनशिवाय म्हणजे काय नक्की? ओटा नसतो?

दोन_मुलांची_आई
ओटा नाही, कपाटं नाहीत, सिंकसुद्धा नाही. भिंतीतून दोन पाईप बाहेर आलेले असतात, बास.