आवाजावर घर चालतं का? सांगली-साताऱ्याकडच्यांनो, अनुभव लिहा

"आवाज छान आहे तुझा, रेडिओवर जा की!" हे आपण सगळ्यांनी शाळेच्या गॅदरिंगपासून ऐकलंय. जायचं कसं आणि पैसे कोण देतं, हे कुणी सांगत नाही. मी सांगलीत राहून व्हॉइस-ओव्हर करते, म्हणजे जाहिरातींना वगैरे आवाज देते, आणि गेली तीन वर्षं घरखर्च त्यावर निघतोय. मुंबई-पुणे न गाठता ज्यांनी हे जमवलं त्यांनी मोकळेपणाने लिहा. नवी पोरं-पोरी वाचणार आहेत.

माझ्यापासून सुरुवात. पहिली कमाई रिक्षावरच्या जाहिरातीची, साड्यांचा सेल, ३०० रुपये. दुसऱ्या दिवशी मारुती रोडवर ती रिक्षा समोरून आली. 'भव्य' म्हटलं की भोंग्यातून नुसता वारा आदळत होता. माइक मी थेट तोंडासमोर धरला होता. तेव्हापासून तो वीतभर लांब, ओठांच्या रेषेतून जरा बाजूला आणि मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे तोंडातला वारा अडवणारी जाळी. प, फ, ब, भ आता फुटत नाहीत.

सदर बझार, सातारा
ताई, मी मराठीचा शिक्षक. ऑडिओबुकं वाचतो. पैसे तयार तासाला मिळतात, म्हणजे ऐकणाऱ्याला जो एक तास ऐकू येतो त्याचे. त्या तासामागे माझे तीन-चार तास जातात. दर सांगताना हे धरलं नाही तर महिनाभर राबून हाती काही उरत नाही. पहिल्या पुस्तकाला माझं तसंच झालं.

दुसरं, उच्चार. 'चार' आणि 'चारा' यांतला च वेगळा. 'जग किती मोठं आहे' आणि 'सुखाने जग' यांतला ज वेगळा. लिहिताना अक्षर एकच, त्यामुळे नवी मुलं सगळीकडे 'चमत्कार'मधलाच च लावतात आणि कान लगेच अडखळतो. मी संहिता आधी पेन्सिल घेऊन वाचतो, असे शब्द आणि श्वासाच्या जागा खुणावतो. आवाज देवाने दिला असेल, पण पुढचं काम मला या पेन्सिलीने मिळवून दिलं.

पलूसजवळून
आमचं घर रस्त्याकडेला. गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर रात्रभर गाणी लावून जातात. स्टुडिओ बांधायला पैसे नव्हते. आतल्या खोलीत कपड्यांचं कपाट उघडं ठेवलं, भिंतींना आज्जीच्या वाकळा टांगल्या, पंखा बंद, फ्रिज बंद, आणि पहाटे चार ते सहा रेकॉर्डिंग. आपण गप्प असताना रेकॉर्डिंगमध्ये जो खोलीचा आवाज उरतो, त्याची पातळी ऑडिओबुकवाले उणे ६० डेसिबलच्या खाली मागतात. कम्प्युटरवर ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात ती मोजता येते. महागडा कंडेन्सर माइक आधी घेऊ नका. खोली शांत नसेल तर तो शेजारचा कुकरसुद्धा टिपतो. आधी वाकळा टांगा.

विश्रामबाग, सांगली
मी आकाशवाणीवर कॅज्युअल अनाउन्सर होते. लेखी परीक्षा, मग आवाजाची चाचणी. महिन्याला मोजक्याच ड्यूट्या, त्यामुळे त्यावर संसार होत नाही, पण घड्याळाकडे बघत वाक्य संपवायची सवय तिथेच लागली. आज ३० सेकंदांची जाहिरात एका टेकमध्ये देते ती त्याच जोरावर.

फसले तेही सांगते. एका एजन्सीने 'रेडिओसाठी' म्हणून आवाज घेतला आणि तोच पुढे दोन वर्षं मोबाइलवरच्या जाहिरातींत वाजवला. लेखी काहीच नव्हतं, बोलायला तोंड राहिलं नाही. आता कोटेशनमध्येच लिहिते: कुठल्या माध्यमात, किती महिने, किती दुरुस्त्या फुकट, निम्मे पैसे आधी. आणि एक ओळ ठळक: 'या रेकॉर्डिंगवरून कृत्रिम आवाज तयार करता येणार नाही, एआयला शिकवण्यासाठी ते वापरता येणार नाही.' यावर कुणी आढेवेढे घेतले तर काम सोडते. एकदा आवाजाची नक्कल झाली की पुढची सगळी कामं गेली.

एका कंपनीकडून वर्षाला ५० हजारांच्या वर फी गेली की १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतात. तो बुडत नाही. रिटर्न भरा, कर तेवढा बसत नसेल तर परत मिळतो.

तासगाव
मला पुण्यात सांगितलं होतं, तुझं गावाकडचं बोलणं आधी घालव. प्रमाण मराठी शिकलो, ती लागतेच. पण माझी निम्मी कामं शेतीच्या औषधांची. 'दावण्या', 'भुरी' (द्राक्षांवरचे रोग), 'ऑक्टोबर छाटणी' हे शब्द बागेत उभं राहून बोलल्यासारखे यावे लागतात. मागच्या महिन्यात एका जाहिरातीत लिहिलं होतं, 'आपण फवारणी करत आहात का?' मी विचारलं, आमच्याकडचं एकदा म्हणून बघू का? आणि म्हटलं, 'काय दादा, फवारा माराला काय?' त्यांनी तेच ठेवलं. आता त्या कंपनीची संहिता आधी माझ्याकडे येते, आणि तपासून द्यायचे पैसे वेगळे लावतो.