पळवाट, चोरदिंडी की संकटकाळी मार्ग?

जिन्याशेजारी: सोसायटीसाठी आगीच्या वेळच्या सूचना मराठीत करतेय. जिन्याकडच्या बाणावर 'पळवाट' लिहिलं, तर समितीतल्या काकांनी ते खोडलं. म्हणे, पळवाट कायद्यात असते, इमारतीत नाही. आमच्याकडे वाड्यामागच्या बोळाला सगळे पळवाटच म्हणायचे. दुसरा सुटसुटीत शब्द आहे का?

लालपरी: काकांचं बरोबर आहे. 'पळवाट काढली' म्हटलं की आता जबाबदारी टाळणाराच डोळ्यांपुढे येतो. एसटीतली पाटी घ्या: 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग'. लांबलचक आहे, पण अर्थ कुणाला विचारावा लागत नाही.

अनुस्वार: 'आपत्कालीन निर्गमद्वार' लिहा. रेल्वेच्या खिडकीवरचं 'आपातकालीन' मात्र नको, ते हिंदीतलं. आपल्याकडे आपत्काल, आपद्धर्म, आपद्ग्रस्त. आपात म्हणजे कोसळणं.

लालपरी: धुरात निर्गमद्वार कोण वाचत बसणार? 'बाहेर जायचा दरवाजा' लिहा.

अनुस्वार: मग निदान 'दार' तरी लिहा, दरवाजा फारसी आहे. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राजव्यवहारकोश उगाच नाही करवून घेतला.

गडवाटा: आणि आज्ञापत्र, मराठेशाहीतला तो राजनीतीचा ग्रंथ? त्यात रामचंद्रपंत अमात्य सांगतात, किल्ल्याला एकच दरवाजा असणं ही 'थोर अयब', म्हणजे मोठा दोष. दोन-तीन दरवाजे करावेत, शिवाय चोरदिंड्या ठेवाव्यात. दरवाजा फारसी, अयब अरबी, तरी मराठी अस्सल! निसटून जाण्यात तेव्हा कमीपणाही नव्हता. 1689 मध्ये रायगडाला वेढा पडला आणि राजाराम महाराज बाहेर पडले, वाघ दरवाजाने गेले असं सांगतात. ते निसटले म्हणून राज्य राहिलं. 'पळवाट' शब्दाला आपणच बट्टा लावलाय.

जिन्याशेजारी: मग 'चोरदिंडी' चालेल?

गडवाटा: नाही, इथे ती उलटी पडेल. चोरकप्पा, चोरखिसा, चोरदिंडी, सगळीकडे 'चोर' म्हणजे लपवलेलं. तुमचं दार परक्या माणसालाही अंधारात दिसायला हवं.

लालपरी: दिंडी म्हणजे मोठ्या दरवाजातलं वाकून जायचं लहान दार ना? शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला आहे तसं? मला वाटतं वारीची दिंडी त्यावरूनच आली असेल. लहान दारातून माणसं एकामागून एकच जाणार, म्हणून ओळीला दिंडी.

अनुस्वार: पटत नाही. दिंडी नावाचं वृत्तही आहे, ते कुठल्या दारातून आलं?

लालपरी: वृत्त वेगळं ठेवा. आमच्या गावी देवळाच्या लहान दाराला अजून दिंडीच म्हणतात आणि वारी तिथूनच निघते.